कौलावरचे नाव : मंगलोरी कौले, त्यांचे कारखानदार आणि छाप

मंगलोरी कौलाच्या खालच्या अंगाला, दोन उभ्या कण्यांच्या मधल्या सपाट जागेत, उठावाची रोमन अक्षरे असतात. कारखान्याचे नाव, गावाचे नाव, बहुतेक वेळा एखादे साल आणि कधीकधी एखादे चित्र. कोल्हापूर जिल्ह्याच्या शाहूवाडी तालुक्यात मलकापूरपासून आंब्यापर्यंत आणि आतल्या बाजूला गजापूर-विशाळगडाकडे जी जुनी घरे अजून कौलारू उरली आहेत, त्यांच्या माळा नसलेल्या सोप्यात उताणे पडले की ही अक्षरे सहज वाचता येतात. चुलीच्या धुराने कौल आतून काळे पडते, पण अक्षरांचा उठाव जात नाही. घरात इंग्रजी वाचणारे कोणी नव्हते त्या काळातही ही अक्षरे माणसांच्या डोक्यावर होती.

या अक्षरांविषयी एक गैरसमज इतका पसरला आहे की विषयाची सुरुवात तिथूनच करणे बरे. कौलावर १८६५ असे साल दिसले की घर १८६५ चे, असे मानले जाते. जुन्या वाड्याची जाहिरात करणारे तर हे साल पाटीवरही लिहितात. वस्तुतः ते साल कारखान्याच्या स्थापनेचे असते. त्याच साच्यातून पुढची कित्येक दशके कौले पडत राहिली आणि सगळ्यांवर तेच साल उमटत राहिले. घराचे वय सालावरून कळत नाही. नावावरून, आणि नावात होत गेलेल्या बदलांवरून, मात्र बरेच काही कळते. त्यासाठी या कारखान्यांचा इतिहास माहीत असावा लागतो.

मंगलोरी कौल घाटमाथ्यावर येण्याआधी इथली छपरे दोन प्रकारची होती. गरिबाचे घर गवताने किंवा भाताच्या काडाने शाकारलेले आणि भिंती कुडाच्या. जरा बऱ्या स्थितीतल्या घरावर गावच्या कुंभाराने घडवलेली नळीची कौले. कुंभार चाकावर एका टोकाला निमुळता होणारा मातीचा नळा काढतो, तो ओला असतानाच समोरासमोरच्या दोन बाजूंना उभी चीर देतो आणि वाळल्यावर हलक्या हाताने ठोकून त्याचे दोन पन्हळ करतो. हे पन्हळ आव्यात भाजले की कौल तयार. छपरावर एक ओळ उताणी, तिच्या सांध्यावर दुसरी ओळ पालथी, अशी ती बसवतात. कशातच अडकलेली नसल्यामुळे ती वजनावर आणि उतारावर टिकून असतात. एक वानर पाख्यावरून उड्या मारत गेले की दहा-वीस जागची सरकतात. म्हणून दर वैशाखात, वळीव यायच्या आत, घर शाकारावे लागे. फुटकी काढायची, सरकलेली नीट करायची, कमी पडतील तेवढी कुंभाराकडून आणायची. सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस जूनमध्ये लागला की सप्टेंबरपर्यंत हटत नाही, आणि एकदा का पाऊस लागला की निसरड्या पाख्यावर चढायची सोय राहत नाही.

कुंभाराच्या या कौलांवर कोणाचेच नाव नसे. त्याची गरजही नव्हती. कौल कोणी घडवले हे सगळ्या गावाला ठाऊक असे आणि कौल कच्चे निघाले तर तक्रार घेऊन कोणाच्या दारात जायचे तेही ठाऊक असे. घडवणारा आणि वापरणारा यांच्यात शे-दोनशे कोसांचे अंतर पडले तेव्हा नाव छापण्याची वेळ आली. छाप हा ओळखीच्या जागी आलेला आहे. मातीकामाच्या इतिहासात ही गोष्ट मंगलोरात घडली तशी इंग्लंडातही घडली, आणि त्याकडे पुढे वळावेच लागेल.

मंगलोरी कौल जन्माने मंगलोरी नाही. एकमेकांत अडकणाऱ्या, साच्यात दाबून काढलेल्या कौलाची कल्पना फ्रान्समधली. अल्सास प्रांतातल्या आल्टकिर्श गावच्या जिलार्दोनी बंधूंनी १८४१ मध्ये अशा कौलाचे पेटंट घेतले. पुढे मार्सेय बंदराच्या परिसरात त्याचे मोठे कारखाने झाले आणि तिथली कौले जहाजांतून जगभर गेली. हे तंत्र हिंदुस्थानात आणले ते बासेल मिशनने. स्वित्झर्लंडमधल्या बासेल गावी १८१५ मध्ये स्थापन झालेल्या या मिशनचे पहिले पाद्री १८३४ मध्ये पश्चिम किनाऱ्यावर उतरले आणि मंगलोरला त्यांनी ठाणे केले. धर्मांतर केलेल्या माणसांचा जातीबरोबर धंदाही सुटत असे. त्यांना काम द्यायचे म्हणून मिशनने छापखाना काढला, हातमाग घातले आणि अखेर मातीत हात घातला. मंगलोरच्या जेप्पू भागात नेत्रावतीच्या काठी १८६५ मध्ये कौलांचा कारखाना सुरू झाला. तो उभा करणारा जॉर्ज प्लेब्स्ट हा मूळचा छापखान्याच्या यंत्रांचा जाणकार. कौलाच्या पाठीवर नाव उमटवायचे तर साच्यात ते उलटे कोरावे लागते. खिळे जुळवणाऱ्या कारखान्यातून आलेल्या माणसाला हे कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

नदीकाठची चिकणमाती, ती होड्यांतून आणण्याची सोय, घाटातले जळण आणि दाराशी बंदर, या चारही गोष्टी मंगलोरला एकत्र होत्या. सुरुवातीला माती मळायला बैल होते. पुढे वाफेचे इंजिन आले. मळलेली माती यंत्रातून चपट्या पट्टीच्या रूपात बाहेर येते, तिचे तुकडे करतात आणि प्रत्येक तुकडा दाबयंत्राखाली जातो. या यंत्राला खाली पाच बाजूंचे फिरते लोखंडी पिंप असते आणि प्रत्येक बाजूला कौलाच्या एका अंगाचा साचा. वरून दुसरा साचा दाबला जातो. कडेची जादा माती कापून कौल फळीवर उतरवतात, सावलीत काही दिवस वाळवतात आणि भट्टीत भाजतात. तांबडा रंग मातीतल्या लोहाचा असतो, वरून काही लावलेले नसते. नीट भाजलेले कौल बोटाच्या पेराने वाजवले तर खणखणते, कच्चे असेल तर भदभदते. विकत घेणारा शेतकरी आधी कौल वाजवून बघे आणि नंतर छाप बघे.

या कौलाची करामत त्याच्या कडांत आहे. एका बाजूला खोबण, दुसऱ्या बाजूला तिच्यात बसणारा कणा. वरच्या टोकाला तसेच आणि खालच्या टोकालाही. मागच्या अंगाला दोन नाके असतात, ती रिपेला अडकतात, त्यामुळे कौल घसरत नाही. जोराच्या वाऱ्याच्या जागी नाकातल्या भोकातून तार ओवून ते रिपेला बांधताही येते. एका चौरस मीटरला साधारण पंधरा कौले लागतात आणि एका कौलाचे वजन अडीच किलोच्या आसपास असते. नळीची कौले दुहेरी पडतात आणि त्यांच्याखाली वासे जवळजवळ घालावे लागतात. मंगलोरी कौलाला एकेरी थर पुरतो आणि लाकूड कमी लागते. दर वर्षीच्या शाकारणीतून तर सुटकाच. ज्या मुलखात वर्षातले चार महिने छपराच्या भरवशावर काढायचे असतात, तिथे याचे मोल काय होते हे वेगळे सांगायला नको.

मिशनच्या यशाकडे मंगलोरातले लोक नुसते बघत बसले नाहीत. तीनच वर्षांनी, १८६८ मध्ये, अल्बुकर्क या कोकणी भाषक ख्रिस्ती घराण्याने स्वतःचा कारखाना काढला. ‘ए. अल्बुकर्क अँड सन्स, १८६८, मंगलोर’ हा छाप पश्चिम किनाऱ्यावर आणि घाटमाथ्यावर आजही दिसतो. त्यांच्यामागोमाग मॉर्गन अँड सन्स हा युरोपीय घराण्याचा कारखाना आला. मंगलोर शहरातला एक भाग आजही मॉर्गन्स गेट या नावाने ओळखला जातो. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत नेत्रावती आणि गुरुपूर या दोन नद्यांच्या काठी चिमण्यांची रांग लागली होती. कुंदापूरकडे आणि मलबारात फरोकच्या बाजूलाही कारखाने पसरले. मिशनची स्वतःचीच कुद्रोळी, मालपे, कालिकत, कोडक्कल, पालघाट, फरोक अशी शाखांची माळ तयार झाली.

यातले बरेचसे कारखाने घराण्यांचे होते आणि छापातले ‘अँड सन्स’ हे दोन शब्द त्याची खूण. या शब्दांकडे दुर्लक्ष होते, पण काळ ठरवताना ते कामाचे आहेत. बापाने एकट्याच्या नावाने सुरू केलेल्या पेढीत मुले भागीदार झाली की नाव बदलते. नाव बदलले की साचाही बदलावा लागतो. त्यामुळे एकाच घराण्याची ‘सन्स’ नसलेली आणि असलेली कौले सापडली तर त्यांतली आधीची कोणती हे बहुधा सांगता येते. भावांची वाटणी झाली की उलटे होते. एका आडनावाचे दोन छाप एकाच वेळी बाजारात येतात आणि गिऱ्हाइकाचा घोळ होतो.

असा घोळ मंगलोरपुरता नाही. इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायर परगण्यात, जिथे मातीच्या भांड्यांचे शेकडो घरगुती कारखाने होते, तिथे अठराव्या शतकाच्या अखेरीस विल्यम अ‍ॅडम्स याच नावाचे तीन कारखानदार एकाच वेळी भांडी करत होते. तिघांच्या भांड्यांवर ‘अ‍ॅडम्स’. कोणते कोणाचे यावर संग्राहकांचे वाद आजही चालतात. भांड्यावर नाव ठासण्याची शिस्त तिकडे रुजवण्याचे मोठे श्रेय जोसाया वेजवुडला जाते. कुंभाराच्या घरात जन्मलेल्या या माणसाने १७५९ मध्ये बर्सलेमला स्वतःचे काम सुरू केले आणि दहा वर्षांनी एट्रुरिया नावाचा कारखाना वसवला. ओल्या मातीत स्वतःचे आडनाव दाबून उमटवण्याचा त्याचा परिपाठ पुढे घराण्याच्या पिढ्यांनी चालवला. १८६० पासून तर वेजवुडच्या भांड्यांवर तीन अक्षरांची खूण येऊ लागली. त्यातून महिना, कारागीर आणि वर्ष असे तिन्ही कळते. कौलांच्या अभ्यासकाला हेवा वाटावा अशी ही सोय आहे. मंगलोरच्या कारखानदारांना तिची गरज वाटली नाही, आणि तेही बरोबरच होते. बशी पाहुण्यांसमोर ठेवायची असते. कौल एकदा छपरावर गेले की त्याची पाठ घरातल्या माणसांशिवाय कोणी बघत नाही.

इंग्रजी भांड्यांवरच्या खुणांना सरकारनेही हातभार लावला. १८४२ ते १८८३ या काळात नोंदवलेल्या नक्षीच्या भांड्यांवर शंकरपाळ्याच्या आकाराची खूण येई आणि तिच्या कोपऱ्यांतल्या अक्षरांवरून नोंदणीची तारीख काढता येते. १८८४ पासून तिच्या जागी नुसते अनुक्रमांक आले. पुढे अमेरिकेच्या जकात कायद्यामुळे १८९१ पासून मालावर देशाचे नाव देणे भाग पडले आणि भांड्यांच्या बुडाशी ‘इंग्लंड’ हा शब्द दिसू लागला. म्हणजे जुन्या फडताळातल्या विलायती बशीच्या बुडाशी नुसते कारखान्याचे नाव आहे की देशाचेही आहे, एवढ्यावरून तिचा काळ ढोबळमानाने सांगता येतो. बर्सलेमच्या बर्जेस अँड ली या पेढीचे उदाहरण घराण्यांच्या दृष्टीने बोलके आहे. १८६२ मध्ये दोन भागीदारांच्या नावाने उभी राहिलेली ही पेढी १८८९ मध्ये मिडलपोर्टच्या नव्या कारखान्यात गेली आणि ली घराण्याच्या हाती १९९९ पर्यंत राहिली. दोन्ही आडनावे जोडून ‘बर्ली’ असा छापही तिने केला. मालक बदलले तरी तो छाप चालू आहे.

हिंदुस्थानात मालावरच्या नावांना १८८९ च्या व्यापारी चिन्हांच्या कायद्याचा आधार होता. खोटे चिन्ह लावून माल विकणे हा त्याखाली गुन्हा होता. चिन्हाची रीतसर सरकारी नोंदणी मात्र १९४० च्या कायद्यानंतरच शक्य झाली. म्हणजे मंगलोरी कौलांच्या भरभराटीचा बहुतेक सारा काळ नोंदणी नसलेल्या छापांचा आहे. साहजिकच नामांकित छापाच्या जवळ जाणारी अक्षरे, त्याच मांडणीत घातलेले साल, त्याच जागी बसवलेले चित्र अशा युक्त्यांना वाव होता. छपरावरची कौले वाचताना अक्षरन् अक्षर वाचावे लागते ते यासाठी. नुसत्या मांडणीवर विसंबणारा फसतो.

छापांच्या इतिहासातले सर्वात ठळक वळण पहिल्या महायुद्धाने आणले. बासेल मिशनमध्ये जर्मन माणसे मोठ्या संख्येने होती. युद्ध सुरू झाल्यावर त्यांना स्थानबद्ध करण्यात आले आणि मिशनच्या उद्योगांची मालमत्ता शत्रूची मालमत्ता म्हणून सरकारी ताब्यात गेली. युद्धानंतर, १९१९ मध्ये, हे कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्ट या लंडनमध्ये स्थापन झालेल्या कंपनीकडे आले. त्यामुळे ‘बासेल मिशन’ छाप स्थूलमानाने युद्धाआधीचा आणि ‘कॉमनवेल्थ ट्रस्ट’ त्यानंतरचा. स्थूलमानाने म्हणायचे कारण असे की नाव बदलले म्हणून लोखंडी साचे त्याच दिवशी भंगारात जात नाहीत. शिवाय आवारात रचून ठेवलेला माल पुढची काही वर्षे विकला जातो. तरीही ज्या घरावर केवळ कॉमनवेल्थ ट्रस्टची कौले आहेत त्याचे आजचे छप्पर १९१९ च्या आधीचे नाही, एवढे ठामपणे म्हणता येते. भिंती मात्र कितीही जुन्या असू शकतात.

मंगलोरची कौले दूरवर गेली. श्रीलंका, ब्रह्मदेश, एडन, पूर्व आफ्रिका, इराणी आखातातली बंदरे. पण सर्वात मोठे गिऱ्हाईक मुंबई. फत्तेमाऱ्यांत कौले भरून पावसाळ्याच्या आधी आणि नंतर मुंबईच्या धक्क्यांवर उतरवली जात. गिरणगावातल्या चाळींची छपरे, गोदामे, शाळा, स्टेशने याच कौलांनी झाकली. मंगलोरला रेल्वे पोचली ती १९०७ मध्ये, तोवर सारा भार समुद्रावर. जड आणि फुटणारा माल बैलगाडीपेक्षा गलबतातून नेणे परवडते, हे या धंद्याचे अर्थशास्त्र. म्हणूनच मंगलोरी कौल आधी कोकणच्या बंदरांना लागले आणि देशावर सावकाश चढले.

शाहूवाडीच्या बाबतीत या चढणीला नाव आहे, आंबा घाट. रत्नागिरीहून कोल्हापूरला जाणारा रस्ता साखरप्यावरून आंब्याला वर येतो आणि मलकापूर, बांबवडे करत पुढे जातो. दुसरी वाट पूर्वेकडून. मिरज-कोल्हापूर रेल्वे १८९१ मध्ये सुरू झाली आणि कोल्हापूरपर्यंत मालगाडीने माल आणणे शक्य झाले. कोल्हापुराहून मलकापूर पुन्हा बैलगाडीच्या प्रवासाचे. हिशेब सोपा आहे. मध्यम घराच्या दोन्ही पाख्यांना आठशे ते हजार कौले लागतात, म्हणजे दोन ते अडीच टन. घाटरस्त्यावर एका गाडीत जेवढे भरता येईल ते पाहता एका घरासाठी गाडीच्या तीन-चार खेपा. कौले उभी, काठावर काठ ठेवून, मध्ये भाताचे काड घालून रचायची. आडवी रचली तर तळातली चिरडतात. वाटेत फुटतील म्हणून पन्नासेक जास्त घ्यायची.

ज्यांनी हा खर्च केला त्यांची यादी अंदाजाने सांगता येते. विशाळगडचे पंतप्रतिनिधी मलकापूरला राहत, त्यांचा आणि त्यांच्या भोवतीच्या मानकऱ्यांचा वर्ग, पेठेतले व्यापारी, नंतर शाळा, चावड्या आणि देवळांचे सभामंडप. शेतकऱ्याच्या घरावर कौले आली ती बरीच उशिरा, आणि त्यात मुंबईचा वाटा मोठा. या तालुक्यातून गिरण्यांत आणि गोदीत कामाला गेलेल्या माणसांच्या मनीऑर्डरी गावी येत. गवत काढून कौले घालणे हे त्या पैशाचे पहिले दिसणारे काम असे. घरावर कौले आहेत की गवत, यावरून सोयरिकीच्या बोलण्यात घराची पत ठरे, हे जुनी माणसे अजून सांगतात.

गावच्या वापरात छापाला एक व्यावहारिक अर्थ होता, आणि तो इतिहासकारापेक्षा गवंड्याला अधिक ठाऊक असतो. सगळी मंगलोरी कौले एकमेकांत बसत नाहीत. भारतीय मानक ६५४ हे मंगलोरी नमुन्याच्या कौलांसाठीच आहे आणि त्यातसुद्धा एकच माप न देता तीन मापे दिली आहेत : ४१० बाय २३५, ४२० बाय २५० आणि ४२५ बाय २६० मिलिमीटर. मानक येण्याआधी तर प्रत्येक कारखान्याची खोबण वेगळी. एका छापाचे कौल दुसऱ्या छापाच्या शेजारी बसवले तर कडेला फट राहते किंवा कौल उचलले जाते आणि नेमके तिथेच गळते. त्यामुळे दुरुस्तीसाठी कौले आणायला निघालेला माणूस दुकानात छापाचे नाव सांगे, किंवा सरळ एक फुटके कौल पिशवीत घालून नेई. ज्याला वाचता येत नसे तो चित्रावरून छाप ओळखे. अक्षरांशेजारी चित्र का असे, याचे उत्तर इथे मिळते.

कालांतराने ‘मंगलोरी’ हे गावाचे नाव न राहता प्रकाराचे नाव झाले. सौराष्ट्रात मोरबीकडे अशी कौले होऊ लागली. कोल्हापूरला जवळ पडणारे खानापूर हे बेळगाव जिल्ह्यातले गाव मातीसाठी आधीपासून प्रसिद्ध. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची ग्रामीण कुंभारकामाची केंद्रीय संस्थाही तिथेच आहे. तिकडची कौले आणि विटा घाटमाथ्यावर सहज पोचत. त्यामुळे शाहूवाडीतल्या एखाद्या पाख्यावर मंगलोर हे गाव वाचायला मिळाले नाही तर नवल मानू नये. आणि गावाचे नाव मुळीच नसलेले, नुसत्या आद्याक्षरांचे छापही पुष्कळ आहेत. त्यांतल्या अनेकांचे धनी सांगता येत नाहीत.

छप्पर वाचण्याची रीत त्यामुळे घर बघण्याच्या रीतीपेक्षा वेगळी ठेवावी लागते. एका छपरावर सहसा एकच छाप नसतो. पावळीची कौले आधी फुटतात, कारण शिडी तिथे टेकते, पागोळ्या तिथे पडतात आणि झाडाची फांदी तिथेच घासते. म्हणून पावळीच्या दोन-तीन ओळींत नंतरचे छाप भेटतात आणि मूळची कौले आढ्याखालच्या ओळींत शोधावी लागतात. आढ्यावरच्या कोन्यांवर वेगळ्याच कारखान्याचे नाव असू शकते. चुलीच्या वरची कौले सर्वात काळी, पण सुरक्षित असतात. उजेडासाठी घातलेले काचेचे कौल बहुधा नंतरचे असते. जास्तीत जास्त संख्येने असलेला, आढ्याजवळचा छाप हा त्या छपराचा मूळ छाप मानावा. त्यावरचे नाव कोणत्या काळात चालू होते ते बघावे आणि साल शेवटी वाचावे. अक्षरांची धार हीसुद्धा खूण आहे. नव्या साच्याची अक्षरे टोकदार येतात, झिजलेल्या साच्याची बोथट. एकाच छापाची दोन्ही प्रकारची कौले एका घरावर असतील तर ती दोन वेळा आणलेली असण्याचा संभव असतो.

कौलारू छपरांचा काळ कशाने संपत आला हे सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. सिमेंटचे पत्रे स्वस्त आणि झटपट, स्लॅब प्रतिष्ठेचा. सागाचे वासे परवडेनासे झाले आणि कौले उतरवून परत चढवणारी हाताची माणसेही कमी झाली. कारखान्यांच्या बाजूने पाहिले तर नदीकाठची माती काढण्यावर बंधने आली, जळणाचे दर वाढले आणि मंगलोरच्या चिमण्या एकामागोमाग थंड झाल्या. मागणी मात्र पुरती मेलेली नाही. आंबा-विशाळगड परिसरात पर्यटकांसाठी जी निवासस्थाने उठत आहेत, त्यांना ‘जुने’ दिसायचे असते. त्यांच्यासाठी गावातली उतरवलेली कौले विकत घेणारे व्यापारी फिरतात. स्लॅबवर शोभेसाठी ती सिमेंटात बसवली जातात, म्हणजे त्यांची अक्षरे कायमची गाडली जातात. कौल वाचते आणि छाप नाहीसा होतो. संग्राहकाच्या दृष्टीने याहून वाईट शेवट नाही, कारण फुटलेल्या कौलाचा तुकडा निदान वाचता येतो.

इंग्लंडात मातीच्या भांड्यांवरच्या खुणांचे जाडजूड कोश आहेत. त्यांच्या आधारे कोणीही घरातल्या बशीचा काळ ठरवू शकतो. मंगलोरी कौलांचा तसा कोश मराठीत झालेला नाही आणि तो कोणा एकाच्या हातून होण्यासारखाही नाही. त्याची सामग्री दफ्तरखान्यात कमी आणि छपरांवर जास्त आहे. छप्पर उतरवायची वेळ आली तर वाचकाने तीन गोष्टी कराव्यात : प्रत्येक छापाचे एक न फुटलेले कौल बाजूला ठेवावे, ते छपराच्या कोणत्या भागातून निघाले हे खडूने त्याच्या पाठीवर लिहावे, आणि घर कोणी व कधी बांधले याची घरातल्या वडीलधाऱ्यांना असलेली माहिती त्याच दिवशी कागदावर उतरवून घ्यावी.